चिनी सेलाडॉन: झिलई आणि नक्षी यांचे नाते

सांजपर्ण

चीनमधील हिरव्या झिलईच्या भांड्यांविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात रंगाचे कौतुक पुष्कळ असते. जेडच्या दगडाशी तुलना होते, पाऊस थांबल्यानंतरच्या आकाशाचा उल्लेख येतो आणि तिथून लेखणी थेट लिलावातील किमतींकडे वळते. नक्षीचा विचार मात्र फुलाप्राण्यांची नावे आणि त्यांचे संकेत सांगून आटोपला जातो. मला या धाग्यात एक वेगळी बाजू मांडायची आहे. सेलाडॉनची, म्हणजे याच भांड्यांची, नक्षी समजून घ्यायची असेल, तर आधी झिलईची, म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या थराची, जाडी आणि पारदर्शकता पाहावी लागते, असे माझे मत आहे. कारागिराने कोणत्या काळात रेघ कोरली, कधी उठाव चिकटवला आणि कधी पृष्ठभाग पूर्णपणे मोकळा सोडला, हे बहुतांशी त्या वरच्या थराने ठरवलेले दिसते.

मूळ प्रक्रिया अशी आहे. झिलईत लोहाचे ऑक्साइड साधारण एक ते तीन टक्के असते. भट्टी सुमारे १२०० अंश सेल्सियसपर्यंत तापवली जाते आणि शेवटच्या टप्प्यात तिच्यात हवा कमी जाऊ दिली जाते. ऑक्सिजनसाठी आसुसलेली ती आग झिलईतील लोहाकडूनच ऑक्सिजन ओढून घेते आणि त्या लोहामुळे काचेला हिरवी किंवा निळसर छटा येते. हवा जास्त शिरली, तर तीच झिलई पिवळट किंवा तपकिरी होते. म्हणजे हा रंग भांड्यावर लावलेला नसून काचेच्या थराच्या आत सामावलेला असतो, आणि थर जितका जाड तितका रंग गडद. विहिरीत वरच्या पायरीवरचे पाणी फिकट आणि खालच्या पायऱ्यांवरचे गडद दिसते, तसेच हे आहे. एकदा हे लक्षात आले की कारागिराच्या हाती असलेले साधन कोणते, ते उलगडते. त्याने मातीत खोल कोरले की तिथे झिलई साचते आणि सावली पडते. कड उंच ठेवली की तिथे झिलई पातळ होते आणि प्रकाश दिसतो. एकाच रंगात छायाप्रकाश मिळवण्याचा हा मार्ग आहे.

आरंभीची भांडी झेज्यांग प्रांतातील यूए भट्ट्यांची आहेत. तिसऱ्या-चौथ्या शतकांतील यूए कारागीर भांड्यालाच प्राण्याचा आकार देत. मेंढा, बेडूक, सिंह यांच्या रूपातील पाण्याची भांडी त्या काळातील आहेत, आणि मृतांबरोबर पुरण्याच्या कलशांच्या माथ्यावर मनोरे, पक्षी, माणसे यांची गर्दी केलेली असे. त्या वेळची झिलई पातळ आणि काहीशी असमान होती, त्यामुळे शोभेचा सगळा भार मातीच्या आकारावर होता. उत्तर चीनमध्ये सहाव्या शतकात कमळाच्या पाकळ्यांचे थरावर थर चढवलेले मोठे कलश घडले. बौद्ध धर्माबरोबर भारताकडून गेलेले कमळ तिथे किती खोल रुजले होते, याचा तो अत्यंत बोलका पुरावा आहे.

तांग राजवटीच्या उत्तरार्धात यूए भट्ट्यांची झिलई इतकी नितळ झाली की शोभा करण्याची गरजच कमी वाटू लागली. आठव्या शतकात चहावर लिहिणाऱ्या लू यू याने यूएच्या वाट्यांना जेड आणि बर्फ यांची उपमा दिली, आणि चहाचा रंग तिच्यात हिरवा दिसतो म्हणून तिला उत्तरेकडील पांढऱ्या वाट्यांपेक्षा वरचे स्थान दिले. या भांड्यांतील सर्वोत्तम प्रकाराला मीसे, म्हणजे गुप्त रंगाची भांडी, असे म्हटले जाई. ती नेमकी कोणती, यावर पुढे शतकानुशतके नुसते तर्क चालले. १९८७ साली शेन्सी प्रांतातील फामेन मंदिराच्या स्तूपाखालचे तळघर उघडले, तेव्हा तिथे इसवी सन ८७४ मधील यादी कोरलेली शिळा आणि त्या यादीत मीसे म्हणून नोंदलेली भांडी एकत्र मिळाली आणि वाद मिटला. त्या ताटल्यांवर आणि वाट्यांवर नक्षी जवळजवळ नाहीच. पाच पाकळ्यांची आठवण करून देणारी काठाची हलकी खाच, एवढेच.

त्यानंतरच्या शतकातील यूए भांड्यांवर मात्र सुईसारख्या बारीक रेघेने कोरलेले पोपट, फुलपाखरे आणि फीनिक्स येतात. झिलई अजूनही पातळ आणि पारदर्शक असल्यामुळे ही नाजूक रेघ वरून स्पष्ट दिसते. जाड झिलईखाली ती बुडून गेली असती.


चाकवत

आपण उत्तम विषय काढला आहे. मी गेली काही वर्षे हाताने भांडी घडवतो, त्यामुळे कोरण्याच्या पद्धतीविषयी थोडी भर घालतो, कारण तुमच्या मुद्द्याला सर्वांत भक्कम आधार शेन्सीमधील याओझोऊ भट्ट्यांच्या कामात मिळतो.

याओझोऊ म्हणजे आजच्या तोंगच्वान शहराजवळचा परिसर. अकराव्या आणि बाराव्या शतकांत तिथे जे कोरीव काम झाले, ते मला साऱ्या सेलाडॉनमध्ये सर्वांत धीट वाटते. पद्धत अशी की माती अर्धवट सुकून चामड्यासारखी घट्ट झाली, की पाते तिरके धरून कापायचे. रेघेची एक बाजू जवळजवळ उभी आणि खोल, तर दुसरी उताराची. वर ओतलेली झिलई उभ्या बाजूच्या तळाशी साचते आणि उतारावर हळूहळू पातळ होत जाते. त्यामुळे पिवनी (पिओनी) या भरगच्च फुलाच्या एकेका पाकळीला गडद कड मिळते आणि तिथून आतल्या बाजूला रंग विरळ होत जातो. कुंचला न उचलता मिळालेली ही छायारेखा आहे. चामड्यासारखी माती फार थोडा वेळ त्या अवस्थेत राहते, आणि कापलेली रेघ पुसता येत नाही, म्हणून या कारागिरांच्या हाताचा वेग त्या रेघेतच वाचता येतो. रेघ कुठे संथ, कुठे घाईची, हे भांडे समोर असले की कळते.

याओझोऊचा रंग दक्षिणेतल्यासारखा निळसर नसून ऑलिव्हच्या फळासारखा हिरवा असतो. त्या भट्ट्या लाकडाऐवजी दगडी कोळशावर चालत. कोळशाची ज्वाला आखूड असते, भट्टी थंड होताना झिलईत थोडी हवा शिरते, शिवाय तिथल्या मातीत टायटॅनियमचे प्रमाणही आहे. या सगळ्यामुळे रंग पिवळ्याकडे झुकतो. पण त्या झुकलेल्या रंगामुळेच कोरीव काम इतके उठून दिसते, हे मला महत्त्वाचे वाटते. फिकट निळसर झिलईत खोल आणि उथळ यांच्यातला फरक एवढा तीव्र झाला नसता.

मागणी वाढल्यावर तिथे साचे आले. भाजलेल्या मातीच्या घुमटावर नक्षी उलटी कोरायची आणि चाकावरची ओली वाटी त्यावर दाबायची. लाटांमध्ये पोहणारे मासे, बदके, फुलांच्या वेलींत खेळणारी मुले असे विषय साच्यांतून वाट्यांच्या आत उतरले. साच्यातील काम सुबक आहे, वेलीची गुंफण दाट आहे, तरी हाताने कापलेल्या रेघेची ती दोन बाजूंची खोली त्यात उरत नाही. उठाव सगळीकडे सारख्याच उंचीचा येतो आणि झिलईला साचायला जागा कमी मिळते. १०८४ सालची एक शिळा याओझोऊच्या भट्ट्यांजवळ उभारली होती, तिच्यावर तिथल्या भांड्यांची आणि त्या कामाची स्तुती आहे. कुंभारकामाविषयी इतक्या आदराने कोरलेला इतका जुना लेख पाहून आनंद झाला.


निंबोणी

माझा एक प्रश्न आहे. याच चीनने पुढे निळ्या-पांढऱ्या भांड्यांवर कुंचल्याने एवढे रंगकाम केले, तर सेलाडॉनवर झिलईखाली चित्र का काढले गेले नाही? आणि ज्या भांड्यांवर नक्षीच नाही, त्या रू आणि ग्वान प्रकारांना सर्वांत वरचे स्थान का मिळाले? सांजपर्णताई, तुमच्या मांडणीत हे कसे बसते, ते जाणून घ्यायला आवडेल.


सांजपर्ण

निंबोणी, पहिल्या प्रश्नाचे थोडे उत्तर असे की चित्र अगदीच निघाले नाही असे नाही. लोहाच्या रंगाने तपकिरी ठिपके सोडण्याची पद्धत यूएच्या काळापासून होती आणि ती युआन, म्हणजे मंगोल राजवटीच्या, काळात (तेरावे-चौदावे शतक) झेज्यांगमधील लोंगच्वानच्या भट्ट्यांमध्ये पुन्हा आली. पण रंगीत आणि काहीशा धुकट झिलईखाली बारीक चित्र स्पष्ट दिसत नाही. कुंचल्याला पांढरी पार्श्वभूमी आणि नितळ काच हवी असते. ती चिंगद-चन येथील पांढऱ्या पोर्सिलेनवर मिळाली आणि चित्रकला तिकडे गेली. कोरियातील कारागिरांनी याच अडचणीवर स्वतःचा मार्ग शोधला: राखाडी मातीत नक्षी कोरून तिच्यात पांढरी आणि काळी होणारी माती भरायची, वर सेलाडॉनची पारदर्शक झिलई द्यायची. ढगांमधून उडणारे करकोचे त्या पद्धतीतील आहेत.

दुसरा प्रश्न मोठा आहे. रू भांडी अकराव्या शतकाच्या अखेरीस आणि बाराव्याच्या आरंभी थोड्याच वर्षांत उत्तर सोंग दरबारासाठी घडली. त्यांची भट्टी हनान प्रांतातील बाओफंग तालुक्यात, छिंगल्यांग-स या गावी, १९८० च्या दशकात सापडली. जगात आज शंभराच्या आतच अखंड रू भांडी उरली आहेत. त्यांची झिलई पूर्वीच्या सेलाडॉनपेक्षा दाट आणि अपारदर्शक आहे. प्रकाश तिच्या पृष्ठभागावरून चमकून परत फिरण्याऐवजी आत शिरतो आणि विखुरतो. अशा थराखाली कोरीव रेघ टाकली, तर ती दिसणार नाही, आणि दिसलीच तर झिलईचा संथपणा मोडेल. म्हणून रू कारागिराने शोभा दोन ठिकाणी नेली. पहिले ठिकाण म्हणजे आकाराची कड: काठाची वळणरेषा, खांद्याचा उतार, पायाची रुंदी यांच्यात अत्यंत काटेकोरपणा आहे. दुसरे म्हणजे झिलईतील तडे.

या तड्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. भट्टी थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली, की तिच्यात बारीक भेगांचे जाळे पडते. एरवी हा दोष समजला जाई. दक्षिण सोंग काळातील ग्वान भट्ट्यांनी त्याला हेतुपूर्वक वापरले. ११२७ मध्ये कायफंग हातचे गेल्यावर दरबार हांगझोऊला आला आणि तिथे दरबारासाठी नव्या भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी वूग्वेइशान येथील भट्टीवर आज संग्रहालय आहे, आणि फीनिक्स टेकडीवरील लाओहूतोंग येथील भट्टी १९९६ मध्ये उजेडात आली. ग्वान भांड्याचे अंग गडद, लोहयुक्त मातीचे आणि अतिशय पातळ असते. झिलई मात्र एकावर एक थर देऊन इतकी जाड केलेली असते की पुष्कळदा ती मातीच्या भिंतीपेक्षाही जाड भरते. काठावर झिलई खाली ओघळून पातळ होते आणि आतली माती जांभळट दिसते, तर पायाची उघडी माती लोखंडासारखी काळी होते. जांभळे तोंड आणि लोखंडी पाय अशी त्या भांड्यांची जुनी ओळख सांगितली जाते. तड्यांचे जाळे कधी विरळ, कधी दाट. त्याची दिशाही चाकावर माती ओढली गेली त्या वळणाने जाते. ही नक्षी कारागिराच्या हाताने कोरलेली नसली, तरी माती आणि झिलई यांचे प्रमाण त्याने ठरवलेले असल्यामुळे तिचा कर्ता तोच आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

रू भांड्यांची एक खूण मला फार आवडते. त्यांना पायासकट सगळीकडे झिलई दिलेली असे, म्हणून भट्टीत ती अतिशय बारीक टोकांच्या आधारावर उभी करत. त्या टोकांच्या, तिळाएवढ्या, तीन किंवा पाच पांढऱ्या खुणा तळाशी राहतात. अठराव्या शतकात छ्येनलोंग सम्राटाने आपल्या संग्रहातील अनेक रू भांड्यांवर स्वतःच्या कविता कोरून घेतल्या. त्याचे प्रेम खरे होते, याविषयी मला शंका नाही, तरी ज्या पृष्ठभागावर काहीही नसणे हीच शोभा होती, त्यावर अक्षरे खोदलेली पाहून वाईट वाटते. सुदैवाने बहुतेक ठिकाणी ती तळावरच आहेत.


उत्तररंग

मांडणी आवडली, तरी मला ती एकांगी वाटते. झिलईने नक्षी ठरवली असे म्हणताना झिलई कोणी ठरवली, हे विचारायला हवे. लोंगच्वानचे उदाहरण घ्या. दक्षिण सोंग काळात तिथल्या कारागिरांनी जाड, जेडसारखी झिलई साधली, ती दरबारी अभिरुची आणि प्राचीन वस्तूंविषयीची ओढ यांमुळे. त्या काळातील सुशिक्षित वर्ग प्राचीन काश्याची आणि जेडची पात्रे जमवत होता, त्यांच्या आकृत्यांसह सूची तयार करत होता. म्हणून लोंगच्वानमध्ये नवाश्मयुगीन जेडच्या त्सोंग आकाराच्या, बाहेरून चौकोनी आणि आतून गोल, फुलदाण्या घडल्या. काश्याच्या तीन पायांच्या पात्रांवरून धूपदाण्या घडल्या. पुढे मंगोल काळात ग्राहक बदलला, निर्यात वाढली आणि त्याच भट्ट्यांनी भलीमोठी, नक्षीने भरलेली ताटे काढायला सुरुवात केली. जिथे गरज बाजाराची होती, तिथे झिलईनेही त्या गरजेप्रमाणे रूप बदलले. तेव्हा कारण बाजारात शोधावे आणि झिलईला परिणाम मानावे, असे मला वाटते.


सांजपर्ण

उत्तररंग, ग्राहकाने काय मागितले, हे महत्त्वाचे आहेच, आणि त्सोंगचे उदाहरण तर फार समर्पक आहे. पण मागणी पुरी करण्याचा मार्ग कोणता निवडला गेला, हे पाहिले तर माझा मुद्दा अधिक स्पष्ट होईल, आणि त्यासाठी लोंगच्वानइतकी योग्य जागा दुसरी नाही.

लोंगच्वान हा झेज्यांगच्या दक्षिणेकडील डोंगराळ भाग. दायाओ आणि जिनत्सुन ही तिथली महत्त्वाची भट्टीगावे. डोंगराच्या उतारावर चढत जाणाऱ्या लांबलचक ड्रॅगन भट्ट्या, जवळच लाकूड, माती आणि नदीमार्ग. सोंग काळाच्या आरंभी तिथेही पातळ झिलई आणि कोरीव, फणीसारख्या दातांनी ओढलेली नक्षी होती. मग झिलईची घडण बदलली. चुन्याचे प्रमाण कमी करून पोटॅशचे वाढवले, की वितळलेली झिलई घट्ट राहते, ओघळत नाही, आणि म्हणून ती अनेक थरांत जाड देता येते. तिच्यात असंख्य बारीक बुडबुडे आणि न वितळलेले कण राहतात, त्यामुळे ती तेलकट चमकत नाही. प्रकाश आत मऊ होतो. ही झिलई आल्यावर कोरीव रेघ जवळजवळ अदृश्य झाली. तेव्हा कारागिरांनी काय केले? त्यांनी नक्षी वर उचलली. वाटीच्या बाहेरच्या अंगावर कमळाच्या पाकळ्या अशा कापल्या की प्रत्येकीचा मधला कणा उंच राहावा. तिथे झिलई विरळ होऊन पांढरट रेघ उमटते. ताटलीच्या तळाशी साच्यात घडवलेले दोन मासे चिकटवले, फुलदाणीच्या मानेला फीनिक्सचे कान लावले, कबरीत ठेवायच्या जोडकलशांवर एकाच्या खांद्याला ड्रॅगन आणि दुसऱ्याच्या खांद्याला वाघ वेढला. उठाव जाड झिलईतूनही दिसतो, किंबहुना झिलईमुळे त्याच्या कडा इतक्या मृदू होतात की मासे तिथे चिकटवलेले आहेत असे वाटतच नाही. माशांची जोडी शुभ मानली जाई, हे खरे. पण शुभचिन्हे शेकडो होती, आणि त्यांपैकी या झिलईखाली टिकेल अशी आकृती निवडली गेली.

युआन काळातील मोठ्या ताटांबाबत तर पुरावा अधिकच थेट आहे. ग्राहकाला नक्षी हवी होती आणि झिलई अजूनही जाड होती. या पेचातून एक विलक्षण तोडगा निघाला: साच्यात घडवलेला ड्रॅगन, फुले किंवा देवमूर्ती झिलईविनाच ठेवायची. उघडी माती भट्टीत तांबूस तपकिरी होते आणि हिरव्या झिलईच्या मधोमध ती आकृती ठसठशीत उमटते. ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेल्या पर्सिव्हल डेव्हिड यांच्या संग्रहात अशी एक आठ बाजूंची फुलदाणी आहे, जिच्या चौकटींत आठ ताओपंथी अमर व्यक्ती उघड्या मातीत उमटवल्या आहेत. त्याच संग्रहात १३२७ साल कोरलेली, पिवनीच्या वेलींनी भरलेली, सुमारे ७० सेंटिमीटर उंचीची मंदिरासाठीची फुलदाणी आहे. तिच्यावर कोरीव नक्षी परत आलेली दिसते, कारण तोवर झिलई पुन्हा काहीशी पारदर्शक होऊ लागली होती. त्यानंतरच्या मिंग राजवटीच्या आरंभी ही वाट पूर्ण झाली आणि दरबारी नमुन्यांप्रमाणे घडलेल्या लोंगच्वान ताटांवर फळे, फुले आणि वेली मुक्तपणे कोरल्या गेल्या.

बाजाराने मागणी ठरवली, हे मी मान्य करते. तिचे उत्तर मात्र प्रत्येक वेळी झिलईशी बोलूनच दिले गेले.


उत्तररंग

उघड्या मातीच्या नक्षीचा मुद्दा मला पटला. दरबारी अभिरुचीचा भार तरीही मी कमी धरणार नाही, कारण त्या अभिरुचीशिवाय एवढी जाड झिलई देण्याचा खर्च कोणत्याही भट्टीने सोसला नसता. अधूनमधून भाजत, थरावर थर चढवत जाणे म्हणजे सरपण, वेळ आणि तुटफूट, तिन्ही वाढणे.


क्योतोकर

जपानमध्ये राहत असल्यामुळे इथल्या संग्रहांविषयी थोडे लिहितो. सोंग काळातील निळसर, जाड झिलईच्या लोंगच्वान भांड्यांना इथे किनुता म्हणतात, आणि त्या प्रकाराच्या फुलदाण्यांना चहासमारंभाच्या परंपरेत फार मान आहे. इझुमी शहरातील कुबोसो स्मारक संग्रहालयात फीनिक्सचे कान असलेली, बान्सेइ या नावाने ओळखली जाणारी फुलदाणी आहे. ती राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित आहे. ओसाकाच्या पौर्वात्य मृत्कला संग्रहालयातील युआनकालीन सुरईवर लोहाचे तपकिरी डाग आहेत, तीही राष्ट्रीय ठेवा आहे. सांजपर्ण यांनी वर उल्लेख केलेल्या ठिपक्यांच्या पद्धतीचे याहून सुंदर उदाहरण मी पाहिलेले नाही. डाग कुठे पडावेत हे ठरवलेले आहे, पण त्यांच्या कडा झिलईत विरघळून ज्या पसरल्या आहेत, ते काम आगीचे आहे.

तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात एक सेलाडॉन वाटी आहे, जिला बाकोहान म्हणतात. तिच्याशी जोडलेली हकिकत अशी की पंधराव्या शतकात ती जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, आशिकागा योशिमासा याच्याकडे होती आणि तिला तडा गेला होता, म्हणून त्याने ती चीनला पाठवून तशीच दुसरी मागितली. मिंग दरबाराकडे त्या तोडीची वाटी उरली नव्हती, तेव्हा तडा धातूच्या टाक्यांनी शिवून तीच परत पाठवली गेली. त्या टाक्यांचा आकार टोळासारखा दिसतो, असे मानून तिला ते नाव पडले. टाके आजही तसेच आहेत, आणि जपानी रसिकांनी त्यांना वाटीच्या सौंदर्याचाच भाग मानले आहे.

एवढी भांडी इकडे कशी आली, याचा अंदाज सिनान जहाजावरून येतो. कोरियाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ १९७५ मध्ये मासेमाराच्या जाळ्यात सेलाडॉनची भांडी आली आणि पुढच्या वर्षापासून समुद्रतळाशी उत्खनन झाले. चीनमधील निंगबोहून जपानकडे निघालेले हे जहाज १३२३ च्या सुमारास बुडाले. त्यातून वीस हजारांहून अधिक मृत्पात्रे निघाली आणि त्यांत निम्म्याहून अधिक सेलाडॉन, मुख्यतः लोंगच्वानची होती. मालाला बांधलेल्या लाकडी पट्ट्यांवर क्योतोच्या तोफुकुजी मंदिराचे नावही सापडले. एकाच जहाजात साध्या वाट्या, उठावाचे मासे असलेल्या ताटल्या, फुलदाण्या आणि डागांची भांडी एकत्र आहेत, त्यामुळे एकाच काळात नक्षीच्या किती पद्धती शेजारी शेजारी चालू होत्या, हेही कळते. या धाग्यात आपण कालक्रम मांडत आहोत, तो इतका सरळ नव्हता, याची नोंद असावी.


रेवदंडा

भारताकडे आलेल्या सेलाडॉनविषयी लिहिण्यासारखे बरेच आहे. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील पेरियपट्टिनम येथे नोबोरू काराशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या शोधात तेराव्या-चौदाव्या शतकांतील चिनी भांड्यांचे तुकडे मोठ्या संख्येने मिळाले आणि त्यांत लोंगच्वानचा वाटा ठळक होता. केरळमध्ये कोल्लम बंदराचा गाळ काढताना २०१४ मध्ये चिनी नाणी आणि चिनी भांड्यांचे तुकडे वर आले. पश्चिम किनाऱ्यावर गुजरातमधील संजाण आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील चौल या दोन्ही जुन्या बंदरांच्या उत्खननांत पश्चिम आशियाई झिलईदार भांड्यांबरोबर चिनी तुकडेही मिळालेले आहेत. दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या परिसरात तुघलक काळातील चिनी भांड्यांचा जो साठा फुटलेल्या अवस्थेत सापडला, त्यात बहुतेक भांडी निळी-पांढरी होती, पण काही सेलाडॉनचीही होती.

दरबारी वापराशी एक समजूत जोडलेली होती. भारतात या भांड्यांना घोरी म्हणत, आणि विष घातलेले अन्न वाढले तर हे ताट तडकते किंवा त्याचा रंग बदलतो, असा विश्वास होता. आग्र्याला ताजमहालाच्या आवारातील संग्रहालयात अशी ताटे ठेवलेली आहेत. झिलई ही काच असल्यामुळे कोणत्याही विषाचा तिच्यावर असा परिणाम होत नाही, हे उघड आहे. तरी या समजुतीमुळे ही ताटे शाही कोठारांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली, आणि म्हणून अखंड राहिली, हा तिचा उपकार मानावा लागतो.

पश्चिमेकडे पाहिले तर इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात दहा हजारांहून अधिक चिनी भांडी आहेत आणि त्यांत तेराशेच्या वर सेलाडॉन आहेत. इराणमध्ये शाह अब्बास याने १६११ मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराहून अधिक चिनी भांडी वक्फ म्हणून दिली आणि त्यांवर आपल्या नावाची मोहोर कोरून घेतली. त्यांतही सेलाडॉन आहे. या संग्रहांतील ताटे मोठी आहेत, कारण तिथे एका ताटाभोवती अनेकांनी बसून जेवण्याची रीत होती. ताटाचा तळ रुंद झाला, की मधल्या मोकळ्या वर्तुळात एक मोठा ड्रॅगन किंवा पिवनीचे एकच भरघोस फूल आणि कडेला फिरणारी वेल, अशी रचना आपोआप सुचते.


निंबोणी

संग्रहालयात असे भांडे समोर आल्यावर नेमके काय पाहावे? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी वस्तूंचे दालन आहे, तिथे जाण्याचा विचार आहे.


चाकवत

काचेच्या कपाटासमोर उभे असताना आधी काठ पाहा. झिलई तिथून किती खाली सरकली आहे, यावरून ती घट्ट होती की पातळ, याचा अंदाज येतो. मग कोरलेल्या जागेकडे बाजूने पाहा. समोरून सपाट वाटणारी रेघ तिरक्या प्रकाशात खोली दाखवते. शेवटी पायाची कड. लोंगच्वान भांड्याच्या पायाची झिलई नसलेली कड विटेसारखी तांबूस दिसते, कारण भट्टी थंड होताना तिथल्या मातीतील लोहाला पुन्हा ऑक्सिजन मिळतो. मोठ्या ताटांना तळाशी आधाराचे कडे लावत, म्हणून झिलईच्या मधे एक तांबूस वर्तुळ राहते. कपाटाच्या तळाशी आरसा ठेवलेला असेल तर तो अवश्य पाहावा. भांडे कसे उभे केले गेले, किती खर्च सोसला गेला आणि ते दरबारासाठी होते की बाजारासाठी, हे पुष्कळदा तळावरूनच कळते.

एक सूचना मात्र देतो. केवळ तांबूस कडेवरून भांडे जुने ठरवू नये. लोंगच्वानमध्ये सेलाडॉनचे काम आजही जिवंत आहे, ते तंत्र २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदले गेले, आणि आजचे कारागीरही तीच माती वापरतात.


निंबोणी

आणि मुंबईच्या दालनात अगदी एकसारख्या फिकट हिरव्या रंगाचे, तळाशी निळ्या अक्षरांत राजवटीचे नाव असलेले भांडे दिसले, तर ते लोंगच्वानचे समजावे का?


सांजपर्ण

तसे भांडे बहुधा छिंग काळातील चिंगद-चनचे असते. सोळाव्या शतकापर्यंत लोंगच्वानचे महत्त्व ओसरले आणि अठराव्या शतकात योंगचंग आणि छ्येनलोंग या सम्राटांच्या काळी चिंगद-चनच्या राजभट्टीत जुन्या झिलयांचे नवे रूप सिद्ध केले गेले. त्या भट्टीचा कारभार पाहणारा थांग यिंग हा स्वतः मृत्कलेचा जाणकार होता. तिथे खालची माती शुभ्र पोर्सिलेनची होती, त्यामुळे रंग अतिशय स्वच्छ आणि समान येतो. राजवटीचे नाव तळाच्या पांढऱ्या भागावर निळ्या रंगात लिहिलेले असते. नक्षी बहुधा उथळ उठावाची असते, ड्रॅगन, ढग किंवा कमळवेल, आणि ती इतक्या काटेकोरपणे कापलेली असते की प्रत्येक कडेवर पांढरी रेघ सारख्याच रुंदीची उमटते. याओझोऊच्या कारागिराने एका हातवाऱ्यात जे साधले, ते इथे मोजून साधलेले आहे. पायाची कड पाहिलीत तर ती तांबूस नसेल, पांढरी असेल, किंवा जुन्या भांड्याचा भास व्हावा म्हणून मुद्दाम तपकिरी रंगवलेली असेल.